नव्याचे नऊ दिवस संपल्यावर: छोट्या सवयी टिकवण्याची रीत

नवा संकल्प पहिल्या आठवड्यात सहसा मोडत नाही. तेव्हा हुरूप असतो, कोरी वही असते, चार जणांना सांगून झालेलं असतं. तो मोडतो नंतर, सर्दीने डोकं जड झालेल्या एखाद्या मंगळवारी, किंवा कामावरून उशिरा आल्यावर. नव्याचे नऊ दिवस सगळ्यांचेच छान जातात, खरी गंमत दहाव्या दिवशी सुरू होते. म्हणून हुरूप कसा आणायचा हे या लेखात सापडणार नाही. सवय आपल्या सगळ्यात रडक्या दिवसाच्या मापाने बेतायची आणि रोजच्या एखाद्या ठरलेल्या क्षणाला अडकवून टाकायची, एवढंच मला सांगायचं आहे. ते करायचं कसं, ते पायरीपायरीने बघू.

सवय चालते कशी

वेंडी वूड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना दर तासाला गजर वाजला की दोन गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या: आत्ता काय करतो आहोत, आणि डोक्यात काय चाललं आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जवळपास ४३ टक्के कृती अशा निघाल्या की त्या जवळजवळ रोज, बहुतेक त्याच जागी होत होत्या आणि त्या करताना मन बऱ्याचदा भलतीकडेच होतं.

मेंदूच्या दृष्टीने यात सोय आहे. बेसल गँग्लिया नावाचा मेंदूच्या आतला भाग वारंवार होणाऱ्या हालचालींची मालिका एकत्र बांधतो. अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने चक्रव्यूहात पळणाऱ्या उंदरांच्या मेंदूतली हालचाल नोंदवली. रस्ता पाठ झाल्यावर तिथल्या पेशी पळण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी जोरात चालत, मधल्या टप्प्यात थंड पडत. म्हणजे एकदा सुरुवात झाली की पुढचं आपोआप उलगडतं. आपल्याला कष्ट घ्यायचे आहेत ते त्या सुरुवातीवर.

ही सुरुवात करून देते जागा. वूड यांच्याच गटाने २०११ मध्ये सिनेमागृहात लोकांना पॉपकॉर्न वाटले. काहींना ताजे, काहींना आठवडाभर शिळे. सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय असलेल्यांनी शिळेसुद्धा ताज्यांइतकेच खाल्ले. चव आवडली नाही असं ते स्वतःच सांगत होते, तरी हात थांबला नाही. तोच प्रयोग सभा घ्यायच्या साध्या खोलीत केला, किंवा सिनेमागृहातच पण उलट्या हाताने खायला लावलं, तेव्हा मात्र शिळं बाजूला राहिलं. जागा आणि हात बदलले की सवयीची पकड सुटते. वाईट सवयीबाबत हे जितकं खरं, तितकंच चांगलीबाबतही.

मग इच्छाशक्तीचं काय? ‘ती स्नायूसारखी दमते’ हा सिद्धांत बरीच वर्षं गाजला. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून जास्त लोकांवर तो पुन्हा तपासला, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. वाद अजून मिटलेला नाही. पण ब्रायन गाला आणि अँजेला डकवर्थ यांचा २०१५चा अभ्यास मला जास्त कामाचा वाटतो. ज्यांना आपण ‘मनाचे खंबीर’ म्हणतो त्यांच्या यशामागे मोहाशी रोजची झुंज फारशी नसते. त्यांच्या चांगल्या सवयी रुळलेल्या असतात, त्यामुळे झुंजायची वेळच कमी येते.

पायरी १: एकच निवडा, आणि कृती लिहा

‘तब्येत सुधारायची’, ‘वाचन वाढवायचं’ या इच्छा झाल्या. त्यातून उद्या सकाळी नेमकं काय करायचं ते कळत नाही. कागदावर असं वाक्य लिहा की परक्या माणसाने बघितलं तर ‘हे झालं’ किंवा ‘नाही झालं’ एवढं सांगता यावं. ‘पुस्तकाची दोन पानं वाचली’ हे चालेल. ‘शांत राहिलो’ हे चालणार नाही, त्याऐवजी ‘खुर्चीत बसून दहा श्वास मोजले’ असं लिहा.

आणि एका वेळी एकच. आरंभशूर माणसं पहाटे उठणं, व्यायाम, ध्यान आणि रोजनिशी असं सगळं एकाच सोमवारी सुरू करतात. त्यातलं एक चुकलं की चारही हातून जातात.

पायरी २: माप रडक्या दिवसाचं

सवयीचं माप ठरवताना आपण डोळ्यासमोर चांगला दिवस आणतो: झोप झालेली, वेळ मोकळा, मन प्रसन्न. असे दिवस महिन्यातून किती येतात ते ज्याचं त्याने बघावं. कसोटी उलटी लावा. रात्रीचे अकरा वाजले आहेत, कुणाशी तरी वाजलं आहे, अंगात त्राण नाही. अशा वेळी हे करता येईल का? ‘हो, तेवढं करेन’ असं उत्तर आलं तर माप बरोबर. मन कां कूं करायला लागलं की अर्धं करा, पुन्हा विचारा.

या रीतीने अर्ध्या तासाच्या व्यायामाच्या पाच बैठका होतात, रोजच्या ५०० शब्दांचं एक वाक्य होतं, परदेशी भाषेच्या धड्याचे तीन शब्द होतात. काही गोष्टी मात्र तोडून लहान होत नाहीत. पोहायला जायचं तर जावंच लागतं. तिथे सवय म्हणून ‘पोहण्याची पिशवी भरून दाराशी ठेवली’ एवढीच धरा. पिशवी भरलेली असली की निम्म्याहून जास्त दिवस पाय आपोआप बाहेर पडतात. (डॉक्टरांनी ठरवून दिलेली औषधं आणि पथ्यं या हिशेबात येत नाहीत, ती पूर्ण मापानेच पाळायची.)

इथे हमखास येणारी शंका: पाच बैठकांनी काय होणार? शरीराला फारसं काही होणार नाही, हे खरंच आहे. त्या पाच बैठका स्नायूंसाठी नाहीतच, त्या वेळेला आणि जागेला कामाची ओळख पटवण्यासाठी आहेत. चांगल्या दिवशी पन्नास मारा की, कोण अडवतंय! मात्र वरचं केलेलं सगळं बक्षीस समजायचं. ते उद्याचं देणं होत नाही आणि उद्याची सुट्टीही होत नाही. ‘काल भरपूर झालं, आज राहू दे’ ही पळवाट फार सभ्य चेहऱ्याने येते.

पायरी ३: खुंटी शोधा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. सवयी मोडतात त्या बहुतेक इथेच कच्च्या राहिलेल्या असतात.

खुंटी म्हणजे रोज न चुकता होणारी एक जुनी कृती, जिच्यावर नवी सवय अडकवायची. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ अशा वाक्यांचा बराच अभ्यास केला आहे. २००६ मध्ये त्यांनी पास्कल शीरन यांच्याबरोबर अशा ९४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला आणि नुसत्या इराद्यापेक्षा हे वाक्य ठळकपणे जास्त काम करतं असं दाखवलं. ब्रिटनमधला २००२चा एक प्रयोग तर बघण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पहिल्याला व्यायामाबद्दल काहीच सांगितलं नाही, त्यातल्या ३८ टक्क्यांनी पुढच्या आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटं जोमाचा व्यायाम केला. दुसऱ्याला व्यायामाचे फायदे पटवून दिले, तिथे आकडा ३५ टक्के. तिसऱ्या गटाने तीच माहिती वाचली आणि शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार ते लिहून दिलं. तिथे ९१ टक्के. उपदेशाने काडीचाही फरक पडला नाही, आणि जागा-वेळ लिहिल्याने एवढा पडला.

आता खुंटी निवडायची कशी? उठल्यापासून झोपेपर्यंत न चुकता काय काय करता त्याची यादी करा. अंथरुणातून पाय खाली टेकणं, दात घासणं, आंघोळ, बूट घालणं, कुलूप लावणं, संगणक सुरू करणं, घरी आल्यावर किल्ली ठेवणं, मोबाईल चार्जिंगला लावणं, दिवा मालवणं. सुट्टीच्या दिवशी ज्या होत नाहीत त्या खोडा. ज्यांच्यानंतर तुम्ही घाईत असता त्याही खोडा. सहसा तीन-चार उरतात.

उरलेल्यांना शेवट आहे का ते पाहा. ‘जेवण झाल्यावर चालायला जाईन’ हे ऐकायला नेमकं वाटतं, पण जेवण संपतं कधी? शेवटचा घास खाल्ला तेव्हा, ताट उचललं तेव्हा, की गप्पा आवरून सगळे उठले तेव्हा? त्या अर्ध्या तासात कधीतरी हात मोबाईलकडे जातो आणि चालणं राहतं. ‘हात पुसून टॉवेल परत अडकवला की बूट घालेन’ असं म्हटलं की क्षण हाताला लागतो. टॉवेल अडकवणं ही एका सेकंदाची गोष्ट आहे, ती झाली की नाही याबद्दल स्वतःशी वाद घालता येत नाही.

रात्रीच्या वाचनाचं घ्या. ‘झोपण्याआधी दोन पानं’ हे जवळजवळ नेहमी फसतं, कारण उशाशी मोबाईल असतो आणि झोपण्याआधीचा वेळ त्याने कधीच खाल्लेला असतो. चार्जर खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्या. जिथे मोबाईल ठेवायचा त्याच जागेवर पुस्तक आडवं ठेवा, म्हणजे मोबाईल ठेवायचा तर पुस्तक उचलावंच लागेल. सकाळी मोबाईल उचलला की पुस्तक पुन्हा तिथेच. वाक्य असं होतं: ‘मोबाईल चार्जिंगला लावला की हातातलं पुस्तक घेऊन अंथरुणात जाईन आणि दोन पानं वाचेन.’ यात पुस्तक आठवण्याची जबाबदारी तुमच्यावर राहतच नाही.

मोबाईलच्या गजराला खुंटी करावी का? सुरुवातीच्या दिवसांत हरकत नाही. पण गजर बंद करणं हीसुद्धा एक सवय आहे आणि ती फार लवकर लागते. महिन्याभराने बोट गजर बंद करतं आणि डोक्याला पत्ताही नसतो.

पायरी ४: वाट सोपी, आडवाट अवघड

कॅनडात १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लिफ्टचं दार बंद व्हायला काही सेकंद जास्त लागतील अशी व्यवस्था केली, तर लिफ्टचा वापर चांगलाच खाली आला. वीज वाचवायला जिना वापरा असं सांगणाऱ्या पाट्यांना जे जमलं नाही ते या थोड्याशा खोळंब्याने साधलं. आपण स्वतःला कितीही विचारी समजलो तरी वीस सेकंदांच्या आळसापुढे नमतं घेतो, त्याचाच फायदा घ्यायचा.

जे करायचं आहे ते हाताशी, उघडं आणि तयार ठेवा. वही मिटलेली नको, आजचं पान काढून वर पेन ठेवलेली हवी. वाद्य खोळीत नको, बाहेर हवं. जे टाळायचं आहे त्याच्या आड दोन-तीन कंटाळवाण्या कृती घाला: अ‍ॅपमधून दरवेळी लॉगआउट व्हा, रिमोट दुसऱ्या खोलीत ठेवा.

आवडीची गोष्ट जोडीला देण्याची युक्तीही आहे. कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी २०१४च्या अभ्यासात लोकांना खिळवून ठेवणाऱ्या कादंबऱ्यांची ध्वनिपुस्तकं दिली, पण ती फक्त व्यायामशाळेतच ऐकता येतील अशी. सुरुवातीला त्यांच्या फेऱ्या इतरांपेक्षा ५१ टक्क्यांनी जास्त होत्या. पुढे नोव्हेंबरची सुट्टी आली आणि परिणाम ओसरला. युक्ती चांगलीच आहे, पण खंडानंतर परत कसं यायचं हे ठरलेलं नसेल तर ती एकटी पुरत नाही.

पायरी ५: खूण करा

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर फुली. तीही काम झाल्याबरोबर, रात्री आठवून नव्हे. २०१६ मध्ये १३८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात प्रगतीवर लक्ष ठेवल्याने उद्दिष्ट गाठायला मदत होते असं दिसलं, आणि नोंद लिहून ठेवली किंवा इतरांसमोर मांडली तर परिणाम वाढतो असंही.

अ‍ॅपमधली ‘सलग इतके दिवस’ ही मोजणी मात्र मला आवडत नाही. एक दिवस चुकला की ती शून्यावर येते आणि माणूसही तिच्याबरोबर शून्यावर येतो. त्यापेक्षा ‘गेल्या ३० दिवसांत किती’ ते मोजा. चोविसाचे तेवीस झाले तर कुणी हातपाय गाळत नाही.

पायरी ६: चुकलेल्या दिवसाची तयारी आधीच

दिवस चुकणारच. चुकल्यावर डोक्यात काय होतं ते जास्त महत्त्वाचं. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ मध्ये एक प्रयोग केला. पथ्यावर असलेल्या स्त्रियांना आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग आइस्क्रीम हवं तितकं खायला सांगितलं. पोटात मिल्कशेक गेल्यावर माणूस कमी खाईल असं वाटेल. पथ्यावर असलेल्यांनी उलट जास्त खाल्लं. ‘मोडलंच आहे, तर आता कशाला थांबायचं?’ हा तो हिशेब. दोन पानं चुकली म्हणून महिनाभर पुस्तक न उघडणारा हाच हिशेब करत असतो.

म्हणून पहिल्याच दिवशी खुंटीच्या वाक्याखाली आणखी एक वाक्य लिहून ठेवा: ‘चुकलं तर दुसऱ्या दिवशी त्याच खुंटीला, सगळ्यात लहान मापाने.’ भरपाई म्हणून दुप्पट करायचं नाही. दुप्पट म्हणजे दंड, आणि दंड लागणाऱ्या जागी माणूस जायचं टाळतो.

लागोपाठ दोन दिवस चुकले तर मात्र तपास करा. स्वभावाला दोष देऊन काही हाती लागत नाही. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ म्हणून मोकळं होता येतं, इतकंच. तपासाला प्रश्न एकच: आठवण झाली होती का?

आठवणच झाली नसेल तर खुंटी कच्ची आहे, माप कमी करून उपयोग नाही. पायरी ३ वर परत जा. आठवलं, पण ‘नंतर करू’ म्हणत चालढकल झाली असेल तर माप मोठं आहे किंवा वाटेत काहीतरी आडवं येतंय. आणि दिवसच वेगळा होता, प्रवास, आजारपण, घरात माणसं, तर सवयीत बिघाड काहीच नाही, तुमच्याकडे दुसरी खुंटी नव्हती एवढंच. घराबाहेरही टिकणारी एक खुंटी राखीव ठेवा. दात घासणं ही त्यातल्या त्यात भरवशाची, ती माणूस कुठेही गेला तरी सोडत नाही.

लोक सहसा या तिन्हींवर एकच औषध घेतात: आणखी कडक निश्चय. मग पहिले पाढे पंचावन्न.

किती दिवस लागतात

‘२१ दिवसांत सवय’ हे सगळीकडे वाचायला मिळतं. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनपर्यंत जातं. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६०च्या पुस्तकात लिहिलं होतं. सांगोवांगीत ‘निदान’ गळालं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली.

प्रत्यक्ष मोजणी फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात केली, ती २०१० मध्ये छापून आली. ९६ जणांनी खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एकेक छोटी कृती निवडली आणि ती ८४ दिवस ठरावीक खुंटीला केली. कृती अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ निघाला, पण माणसागणिक फरक १८ ते २५४ दिवसांचा. (२५४ हा आकडा गणिताने पुढे ताणून काढलेला आहे, अभ्यास ८४ दिवसांचाच होता.) व्यायामाला खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा साधारण दीडपट वेळ लागला. आणि एखादा दिवस चुकल्याने एकूण घडणीत म्हणावा असा फरक पडला नाही.

त्यातला एक तपशील मला फार उपयोगी वाटतो. सहजपणा सुरुवातीच्या दिवसांत भरभर वाढतो, मग वाढीचा वेग मंदावतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात ‘आता काही फरक पडत नाहीये’ असं वाटतं ते त्यामुळे. सोडून द्यायचं कारण म्हणून हे फार चुकीचं आहे. सवय तेव्हा नीट बसत असते.

पायरी ७: वाढवायचं कधी

खूण सोपी आहे: ‘करू की नको’ असा विचार यायच्या आत काम सुरू झालेलं असतं. तोवर माप वाढवू नका, दुसरी सवयही घेऊ नका. वाढवताना किमान माप तसंच ठेवा, वरची मर्यादा तेवढी हलवा. दोन पानांची दहा झाली तरी रडक्या दिवशी दोन पानांना पूर्ण फुली मिळालीच पाहिजे. दुसरी सवय घ्यायची ती पहिलीला दिनदर्शिकेची गरज उरली नाही की.

जुनी सवय सोडायची असेल तर हीच रीत उलटी चालवा. ती कोणत्या खुंटीवर लटकली आहे ते आठवडाभर नुसतं लिहून काढा: कुठे, किती वाजता, कशाच्या लगेच नंतर, सोबत कोण. मग त्या खुंटीवर दुसरं काहीतरी अडकवा, कारण रिकामी खुंटी जुन्यालाच बोलावते. दारू, तंबाखू यांसारख्या व्यसनांचं प्रकरण वेगळं आहे, तिथे शरीरही अडकलेलं असतं. त्यासाठी डॉक्टरांची मदत घ्यावी.

घर किंवा नोकरी बदलली तर

जागा बदलली की जुन्या खुंट्या मागे राहतात. वर्षानुवर्षं टिकलेली सवय नव्या घरात आठवड्यात नाहीशी होते आणि माणसाला वाटतं, आपणच बिघडलो. याची दुसरी बाजूही आहे. बास व्हरप्लँकन आणि डेबोरा रॉय यांनी इंग्लंडमधल्या पीटरबरो इथे ८०० कुटुंबांचा अभ्यास केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यावरणाला पूरक अशा घरगुती सवयी लावण्याचा प्रयत्न नुकत्याच घर बदललेल्यांमध्ये जास्त फळाला आला, आणि ही संधी साधारण तीन महिन्यांची होती.

तेव्हा स्थलांतर ठरलेलं असेल तर बरेच दिवस डोक्यात घोळणारी सवय त्या मुहूर्तासाठी राखून ठेवायला हरकत नाही. खोकी उघडायच्या आत किल्ली कुठे ठेवायची, चार्जर कुठे लावायचा, बूट कुठे काढायचे एवढं ठरवा, कारण या तीन जागा पहिल्या दोन-चार दिवसांतच पक्क्या होतात. पायरी ३ ची यादी नव्या घरात पुन्हा करा. जुनी यादी तिथे लागू पडत नाही.